कार्ड आपले, खरेदी दुसऱ्याची: पहिले क्रेडिट कार्ड घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

नागपुरात एप्रिल लागला की कूलर आणि एसीच्या दुकानांत गर्दी सुरू होते, आणि त्याच सुमारास ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड आहे त्याला फोन येऊ लागतात. “भाऊ, तुमच्या बँकेच्या कार्डावर दहा टक्के सूट आहे म्हणे. माझा एसी तुमच्या कार्डावर घेऊ द्या ना जी, पगार झाला की टाकतो.” मागणारा माणूस बहुधा ओळखीचा, भरवशाचा असतो आणि फसवण्याचा त्याचा हेतूही नसतो. म्हणूनच नाही म्हणणे जड जाते. ज्यांच्या हाती नुकतेच पहिले कार्ड आले आहे, विशेषतः वर्धा, यवतमाळ, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतून नोकरीसाठी नागपुरात येऊन मिहान, हिंगणा किंवा बुटीबोरीत काम करणाऱ्या तरुण मुलामुलींसाठी हा लेख आहे. कार्ड दुसऱ्याला वापरू दिल्यावर पैशांच्या दृष्टीने काय काय घडू शकते, ते कसे टाळावे आणि घडून गेले असेल तर काय करावे, हे क्रमाने सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

पहिली पायरी: कर्ज नेमके कोणाचे, हे समजून घ्या

क्रेडिट कार्ड म्हणजे बँकेने तुमचे उत्पन्न आणि परतफेडीची सवय पाहून, तुमच्या नावावर मंजूर केलेले कर्ज होय. कार्ड मशीनला लावणारा हात कोणाचाही असो, त्या व्यवहाराचा कर्जदार एकच असतो आणि तो म्हणजे तुम्ही. बँकेच्या करारात कार्ड दुसऱ्याला वापरायला देऊ नये अशी अट असतेच, त्यामुळे “ती खरेदी माझी नव्हती, मित्राची होती” हे उत्तर बँक ऐकून घेत नाही आणि तिने ते ऐकावे असे कोणता नियमही म्हणत नाही.

आपल्याकडे पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहायचे म्हटले की माणूस दहा वेळा विचार करतो, घरी विचारतो, प्रसंगी टाळतो. कार्ड देताना मात्र तो एकदाही विचार करत नाही. खरे पाहता जामीनदाराची स्थिती कार्ड देणाऱ्यापेक्षा बरी असते. जामीनकीच्या कर्जात मूळ कर्जदाराचे नाव कागदावर असते, हप्ता थकला तर संस्था त्याच्याही मागे लागते, आणि जामीनदाराला ते कर्ज भरावे लागले तर मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क भारतीय करार कायदा, १८७२ त्याला देतो. कार्डाच्या व्यवहारात तुमच्या मित्राचे नाव बँकेच्या कोणत्याही कागदावर नसते. कर्जदारही तुम्ही आणि जामीनदारही तुम्हीच. पुढचे सगळे धोके या एका गोष्टीतून निघतात.

एका उधारीचा हिशेब

माझ्या भाचीचे उदाहरण घेतो. ती मिहानमधील एका कंपनीत नोकरीला आहे आणि मनीषनगरात दोन मैत्रिणींसह खोली घेऊन राहते. तिच्या पहिल्या कार्डाची लिमिट ६०,००० रुपये होती. मैत्रिणीचा मोबाइल बिघडला, म्हणून २० एप्रिलला हिने आपल्या कार्डावर तिला ४०,००० रुपयांचा मोबाइल घेऊन दिला. हिची स्वतःची खरेदी ८,००० रुपये होती. १२ मे रोजी ४८,००० रुपयांचे स्टेटमेंट आले आणि पैसे भरण्याची शेवटची तारीख १ जून होती. मैत्रिणीचे पैसे १ जूनपर्यंत आले नाहीत. भाचीने आपले ८,००० वेळेवर भरले आणि मिनिमम ड्यू, म्हणजे त्या महिन्यात किमान भरावी लागणारी रक्कम, त्याहून कमी असल्यामुळे सगळे ठीक आहे असे समजून ती निश्चिंत झाली. १२ जूनला मैत्रिणीने पूर्ण ४०,००० रुपये दिले आणि हिने ते त्याच दिवशी भरले.

जूनचे स्टेटमेंट घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा तिला एकच गोष्ट कळत नव्हती. उशीर अकरा दिवसांचा झाला, मग व्याज एवढे कसे? त्याचे कारण असे की, पूर्ण बिल वेळेवर भरले तरच खरेदीपासूनचा काळ बिनव्याजी धरला जातो. पूर्ण बिल भरले गेले नाही, तर राहिलेल्या रकमेवर शेवटच्या तारखेपासून नव्हे, तर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागते. म्हणजे २० एप्रिल ते १२ जून असे ५३ दिवस. तिच्या कार्डाचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के होता. ४०,००० रुपयांवर या दराने रोजचे सुमारे ४६ रुपये होतात, ५३ दिवसांचे सुमारे २,४४० रुपये, आणि त्यावर १८ टक्के दराने जीएसटी सुमारे ४४० रुपये. एकूण जवळपास २,८८० रुपये. शिवाय थकबाकी असताना बिनव्याजी मुदत थांबलेली असते, त्यामुळे त्या काळात कार्डावर घेतलेल्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागले, ते वेगळे.

“मामा, तिने तर पूर्ण पैसे दिले. आता हे अठ्ठावीसशे तिला कसे मागू?” असे ती म्हणाली. तिने ते मागितले नाहीत. माझ्या पाहण्यातल्या बहुतेकांनी असे पैसे मागितलेले नाहीत, कारण समोरच्याच्या मनात हिशेब पूर्ण झालेला असतो.

त्या मैत्रिणीने दिलेला शब्द पाळला होता, फक्त थोडा उशिरा. फसवणूक नसताना, भांडण नसताना एवढा खर्च आला, हे नवीन कार्डधारकाने नीट लक्षात ठेवावे. मैत्रिणीने पैसे बुडवले असते आणि भाचीने दर महिन्याला नुसता मिनिमम ड्यू भरला असता, तर ही रक्कम कित्येक वर्षे रेंगाळली असती. बँकेला स्टेटमेंटवर तसा इशारा छापावाच लागतो, तो वाचण्याची सवय लावून घ्यावी.

दुसरा परिणाम स्टेटमेंटवर दिसत नाही. ६०,००० च्या लिमिटपैकी ४८,००० वापरले गेले, म्हणजे ८० टक्के. लिमिटच्या साधारण ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवावा असा सल्ला दिला जातो, कारण जास्त वापर करणारा माणूस पैशांच्या ओढाताणीत आहे असा अर्थ क्रेडिट स्कोअर, म्हणजे परतफेडीच्या भरवशाचे गुण, काढताना लावला जातो. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती सिबिलसारख्या, कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांना किमान दर पंधरवड्याला कळवावी लागते, त्यामुळे परिणाम लवकर दिसतो. तीनशे ते नऊशे या मापात मोजला जाणारा हा स्कोअर तुमचा असतो. मैत्रिणीच्या मोबाइलमुळे तो घसरला, याची नोंद कुठेही होत नाही.

अडकलेली लिमिट

ही गोष्ट माझ्यावर बेतलेली आहे. काही वर्षांपूर्वी मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला माझ्या कार्डावर ३८,४०० रुपयांचा एसी घेऊन दिला, बारा हप्त्यांत, महिन्याला ३,२०० रुपये. माझीही लिमिट तेव्हा ६०,००० होती. हप्त्यांवर खरेदी केली की हप्ता महिन्याला कापला जातो, पण लिमिट मात्र सुरुवातीलाच पूर्ण रकमेने अडकते आणि हप्ता भरेल तशी थोडी थोडी मोकळी होते. सहकाऱ्याने पहिला हप्ता वेळेवर दिला. दुसऱ्या महिन्यात आईला रात्री अचानक धंतोलीतल्या एका रुग्णालयात दाखल करावे लागले आणि तीस हजार अनामत भरायची होती. काउंटरवर कार्ड दोनदा लावले, दोनदा नाकारले गेले. एसीचे ३५,२०० अजून अडकलेले होते, माझे घरखर्चाचे ९,००० वापरलेले होते आणि हाती १५,८०० शिल्लक होते. रात्री साडेबाराला आमचे जावई प्रतापनगरहून रोख रक्कम घेऊन आले तेव्हा पावती फाटली.

त्या क्षणी सहकाऱ्याकडे माझा एक रुपयाही थकलेला नव्हता. पुढे एकूण चार हप्ते देऊन तो नोकरी बदलून पुण्याला गेला, फोन उचलेनासा झाला आणि उरलेले आठ हप्ते, २५,६०० रुपये, मी भरले. ते नुकसान हळूहळू भरून निघाले. काउंटरवरची ती दोन मिनिटे मात्र मी अजून विसरलो नाही, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. कार्डाची लिमिट ही घरातल्या अडीअडचणीची तरतूद असते, आणि ती दुसऱ्याच्या हप्त्यांत वर्षभर अडकवून ठेवणे ही तुमच्या घराने न कळत दिलेली मदत असते.

“नो कॉस्ट” हप्त्यांबद्दल थोडे. व्याज सवलतीच्या रूपाने वजा केलेले दिसते, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि बहुधा प्रक्रिया शुल्क कार्डधारकाच्याच बिलात येते. मित्र तुम्हाला हप्त्याचा ठरलेला आकडा पाठवत राहतो आणि वरची रक्कम तुमच्या खिशातून जाते.

दुसरी पायरी: कार्ड हाती येताच करायची कामे

कार्ड घरी आल्यावर पाकिटात ठेवण्याआधी बँकेचे अ‍ॅप उघडून बसावे. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार चालू किंवा बंद करण्याची आणि प्रत्येकाची मर्यादा ठरवण्याची सोय ग्राहकाला देणे रिझर्व्ह बँकेने २०२० पासून बंधनकारक केले आहे. परदेशी व्यवहार बंद ठेवावेत, कारण अनेक परदेशी संकेतस्थळांवर ओटीपी न मागता केवळ कार्डाचा क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही (कार्डावर छापलेला छोटा गुप्त आकडा) यांवर पैसे कापले जाऊ शकतात. टॅप करून ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो, म्हणून “जरा पेट्रोल भरून आणतो” म्हणून कार्ड नेणाऱ्याला पिन सांगितला नाही एवढ्याने तुम्ही सुरक्षित होत नाही. टॅपची सोय वापरत नसाल तर ती बंद करावी, वापरत असाल तर मर्यादा हजार रुपयांवर आणावी. एटीएममधून रोख काढण्याची मर्यादाही शक्य तितकी खाली ठेवावी. रोख रकमेला बिनव्याजी मुदत नसतेच, व्याज त्याच दिवसापासून सुरू होते आणि शुल्क वेगळे लागते.

बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि ईमेल तुमचाच असावा. घरी वडिलांच्या किंवा काकांच्या मोबाइलवर ओटीपी जातो, अशी व्यवस्था मी अनेक घरांत पाहिली आहे. तसे असेल तर बँकेत जाऊन क्रमांक बदलून घ्यावा.

तिसरी पायरी: कोणी कार्ड मागितले तर

नकार देणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे, आणि त्यासाठी खोटे कारण शोधण्याची गरज नाही. “माझी लिमिट घरासाठी राखून ठेवली आहे, कार्ड मी कोणालाच देत नाही” हे वाक्य खरे आहे, आणि सर्वांना सारखेच लागू असल्यामुळे कोणाला लागत नाही. आज एकाला दिले आणि उद्या दुसऱ्याला नाकारले, तर मात्र मने दुखावतात.

तरीही काही नाती अशी असतात की नाही म्हणता येत नाही. बहिणीच्या लग्नाची खरेदी इतवारीत चालली आहे आणि मोठ्या भावाचे पैसे दोन दिवसांनी येणार आहेत, अशा वेळी काय करावे? आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: ही पूर्ण रक्कम कधीच परत आली नाही, तर मी पुढच्या बिलात ती एकरकमी भरू शकतो का? उत्तर नाही असे असेल, तर नाते कितीही जवळचे असले तरी कार्ड पुढे करू नये. उत्तर होय असेल, तर कार्डापेक्षा हातउसने पैसे द्यावेत. आपल्या बचत खात्यातून त्याच्या खात्यात “उसने” असा शेरा लिहून पाठवलेले दहा हजार बुडाले, तर दहा हजारच बुडतात. व्याज चढत नाही, स्कोअर घसरत नाही आणि पैसे दिल्याचा पुरावा आपोआप तयार होतो.

कार्डावरच्या सवलतीसाठीच खरेदी हवी असेल, तर पैसे आधी घ्यावेत. मित्राने सवलत वजा जाता होणारी पूर्ण रक्कम तुमच्या खात्यात पाठवावी, मग तुम्ही स्वतः दुकानात जावे किंवा स्वतःच्या मोबाइलवरून खरेदी करावी आणि त्याच संध्याकाळी ती रक्कम कार्डात भरून टाकावी. ज्याच्याजवळ आज पैसे आहेत त्याला यात काही अडचण येऊ नये. कार्डाचा फोटो, क्रमांक, सीव्हीव्ही किंवा ओटीपी मात्र कोणालाही, अगदी सख्ख्या भावालाही, मेसेजवर पाठवू नये. हप्त्यांवर दुसऱ्याची खरेदी कधीच करू नये, याबाबत माझे मत ठाम आहे. महिन्याभराचा शब्द पाळणारी माणसे पुष्कळ भेटतात, पण वर्षभरात नोकरी जाते, आजारपण येते, गाव बदलते.

खरेदी परत केली गेली तर काय, हेही आधीच बोलून घ्यावे. परताव्याची रक्कम तुमच्या कार्डात जमा होते, मित्राच्या खात्यात जात नाही, आणि सवलत, हप्ते, प्रक्रिया शुल्क यांचा हिशेब मध्ये आला की कोण कोणाचे किती देणे लागतो यावर चांगली मैत्री तुटते.

चौथी पायरी: घरातल्या माणसासाठी अ‍ॅड-ऑन कार्ड

पती, पत्नी, आईवडील किंवा सज्ञान मुले यांना नियमितपणे कार्ड लागत असेल, तर आपले कार्ड आणि पिन देण्याऐवजी बँकेकडून त्यांच्या नावाचे अ‍ॅड-ऑन कार्ड घ्यावे. त्यावर त्यांचे नाव आणि वेगळा पिन असतो, स्टेटमेंटमध्ये त्यांचा खर्च वेगळा कळतो आणि अनेक बँका त्याला वेगळी मर्यादाही घालू देतात. वापर अधिकृत असल्यामुळे करार मोडला असे बँकेला म्हणता येत नाही.

यात एक मोठा गैरसमज आहे. अ‍ॅड-ऑन कार्डाचे कर्ज त्या व्यक्तीचे असते असे अनेकांना वाटते. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट आणि डेबिट कार्डविषयक निर्देशांत स्पष्ट म्हटले आहे की अ‍ॅड-ऑन कार्डाची जबाबदारी मुख्य कार्डधारकाची राहते. म्हणून मर्यादा पहिल्याच दिवशी घालावी. नात्यात दुरावा आला, पतीपत्नी वेगळे राहू लागले किंवा मुलाचे लग्न होऊन त्याचा संसार स्वतंत्र झाला, तर अ‍ॅड-ऑन कार्ड लेखी कळवून बंद करावे. न्यायालयातला निकाल लागेपर्यंत थांबू नये, कारण तोपर्यंतचा प्रत्येक खर्च तुमच्याच नावावर चढतो.

दुकानाचा माल आणि आयकर

गांधीबागेत किंवा कळमन्यात काम करणाऱ्या काही तरुणांना मालकच विचारतो, “तुझ्या कार्डावर माल उचलू, बिल मी भरतो, पॉइंट तुला.” यात तिहेरी धोका आहे. बहुतेक बँकांच्या अटींनुसार वैयक्तिक कार्ड धंद्याच्या मालासाठी वापरता येत नाही, आणि तसा वापर दिसला तर बँक कार्ड बंद करू शकते. मालकाचे पैसे अडकले तर कर्ज तुमचे. आणि तिसरी गोष्ट आयकराची. एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलापोटी रोखीने १ लाख रुपये किंवा त्याहून अधिक, अथवा इतर मार्गांनी १० लाख रुपये किंवा त्याहून अधिक भरले गेले, तर बँक ती माहिती आयकर विभागाला कळवते. ज्याचे वार्षिक उत्पन्न पाच लाख आहे त्याने वर्षात बारा लाखांची बिले भरली, तर विभाग विचारणा करणारच. तेव्हा प्रत्येक रक्कम कोणाकडून आणि कशासाठी आली, हे तुम्हाला दाखवावे लागेल.

मित्राकडून आलेल्या पैशांनाही हेच लागू आहे. नातेवाइकांव्यतिरिक्त इतरांकडून वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम भेट म्हणून आली तर ती करपात्र ठरते. परतफेड ही भेट नसते, पण ती परतफेड होती हे दाखवणारे बिल, स्टेटमेंट आणि मेसेज जपून ठेवलेले असावेत.

पाचवी पायरी: कार्ड आधीच देऊन बसला असाल तर

घाबरून जाऊ नये, पण काम आजच करावे. सुरुवात दुसऱ्याच्या मोबाइलमधील अ‍ॅपमध्ये जतन झालेल्या तुमच्या कार्डापासून करावी. १ ऑक्टोबर २०२२ पासून खरेदीच्या संकेतस्थळांना कार्डाचा खरा क्रमांक साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे खऱ्या क्रमांकाच्या जागी वापरायचा सांकेतिक क्रमांक, तयार होते. तुमच्या कार्डावर कुठे कुठे टोकन आहे ते बँकेच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपमध्ये दिसते आणि तेथूनच ते काढून टाकता येते. त्यानंतर आपोआप कापल्या जाणाऱ्या मासिक वर्गण्या पाहाव्यात. एकदा ओटीपी देऊन मंजुरी दिली की १५,००० रुपयांपर्यंतची वर्गणी पुढे दर वेळी ओटीपीशिवाय जाते. कापण्याच्या चोवीस तास आधी सूचना येते, ती कोणी वाचत नाही. रूममेटने लावलेली सिनेमाची किंवा गेमची वर्गणी खोली सोडल्यानंतरही चालू राहते, ती अशी.

क्रमांक आणि सीव्हीव्ही दुसऱ्याकडे गेलेच असतील, तर कार्ड ब्लॉक करून नवे मागवणे हा स्वच्छ उपाय आहे. कार्डच नको असेल, तर सर्व देणे भरून बंद करण्याची विनंती करावी. अशी विनंती आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद केले नाही, तर विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी ५०० रुपये ग्राहकाला देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे.

शेवटी संबंधित व्यक्तीला एक साधा, सौम्य मेसेज पाठवावा: कोणत्या तारखेला कोणती वस्तू घेतली, किती रुपये झाले, किती आले, किती बाकी आहेत आणि ते कधीपर्यंत देणार. समोरून “हो, बरोबर आहे” एवढे उत्तर आले, तरी पुढे ते फार उपयोगी पडते.

सहावी पायरी: पैसे आले नाहीत तर

बँकेचे बिल आणि मित्राची उधारी या दोन गोष्टी त्याच दिवशी वेगळ्या कराव्यात. मित्र देईल तेव्हा देईल, बिल मात्र तुम्ही पूर्ण भरावे. बचत मोडावी लागली तरी हरकत नाही, कारण मुदत ठेवीवर मिळणारे व्याज आणि कार्डावर लागणारे व्याज यांची तुलनाच होऊ शकत नाही. पूर्ण भरणे शक्य नसेल, तर थकलेली रक्कम हप्त्यांत बदलून देण्याची विनंती बँकेला करावी. तो दर सहसा कार्डाच्या व्याजापेक्षा कमी असतो. एका कार्डाचे बिल भरण्यासाठी दुसऱ्या कार्डावरून रोख काढू नये. निदान मिनिमम ड्यू तरी चुकवू नये. शेवटची तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक काळ लोटला की विलंब शुल्क लागते, थकबाकीची नोंद क्रेडिट अहवालात जाते आणि उशिराचे दिवस मूळ तारखेपासून मोजले जातात. वसुलीचे फोन आलेच, तर सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्यास वसुली एजंटांना रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हे माहीत असू द्यावे.

मित्राकडून वसुलीसाठी आधी दोन्ही घरांतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला मध्ये घालून पाहावे. नागपुरात हा मार्ग अजूनही चालतो. तो चालला नाही तर वकिलामार्फत नोटीस पाठवता येते आणि दिवाणी दावा करता येतो. पैशांच्या अशा दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणून “बघू, बघू” करत ती घालवू नये. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश पुरावा म्हणून देता येतात, मात्र त्यासोबत ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते, म्हणून संदेश पुसू नयेत आणि मोबाइल बदलताना जुना जपून ठेवावा. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात दहा-पंधरा हजारांसाठी खेपा घालणे परवडेल का, याचा विचार ज्याचा त्याने करावा. मी स्वतः केला आणि २५,६०० रुपये सोडून दिले.

सातवी पायरी: कार्डावर अनोळखी व्यवहार दिसला तर

वाटून वापरलेल्या कार्डाचा सर्वांत गंभीर तोटा येथे कळतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही असा अनधिकृत व्यवहार बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर तुमची जबाबदारी शून्य असते. चार ते सात दिवसांत कळवला, तर पाच लाखांपर्यंतच्या लिमिटच्या कार्डासाठी ती जास्तीत जास्त १०,००० रुपये असते. याच परिपत्रकात असेही आहे की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, उदाहरणार्थ त्याने कार्डाची गोपनीय माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्यानेच सोसायचे. म्हणजे तुम्ही भावाला सीव्हीव्ही पाठवला, भावाचा मोबाइल कोणी हॅक केला आणि तिसऱ्याच माणसाने खरेदी केली, तरी दोष तुमच्याकडे येऊ शकतो. मित्राने ठरलेल्या दहा हजारांऐवजी पंचवीस हजार खर्च केले, तर ती फसवणूक आहे असे बँकेला पटवणे जवळजवळ अशक्य आहे, कारण कार्ड तुम्हीच त्याच्या हाती दिले होते.

तरीही व्यवहार दिसताच कार्ड ब्लॉक करावे, बँकेकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा आणि १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी बँकेची असते, म्हणून मिनिटेही महत्त्वाची आहेत. तक्रारीत खरे तेच लिहावे. कार्ड कोणाकडे होते हे लपवले आणि नंतर उघड झाले, तर उरलेली बाजूही कमकुवत होते. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते. त्याबद्दलची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. संविधान चौकाजवळच्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात त्यासाठी खेप घालण्याची गरज नाही.

वर्षातून एकदा अहवाल पाहा

सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट अहवाल मोफत मिळतो. दर तीन महिन्यांनी एकेका संस्थेचा मागवला, तर वर्षभर लक्ष राहते. त्यात आपली सगळी कार्डे, प्रत्येकाची थकबाकी आणि उशिराचे दिवस दिसतात. बंद केलेले कार्ड चालू दाखवले असेल किंवा भरलेली रक्कम थकीत दिसत असेल, तर त्या संस्थेकडे आणि बँकेकडे दुरुस्तीची तक्रार करावी. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मागता येते. भाचीने ऑगस्टमध्ये आपला पहिला अहवाल काढला. थकबाकी शून्य होती आणि जूनमधल्या व्याजाचा त्यात कुठेही उल्लेख नव्हता. त्या दिवशी माझ्यासमोर बसूनच तिने अ‍ॅप उघडले, टॅपची मर्यादा हजारावर आणली आणि परदेशी व्यवहार बंद केले.